पावसाआधीची पालवी

पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना इंग्रजी काव्याच्या तासाला सरांनी एकदा पुस्तक मिटले आणि उलट आम्हालाच विचारले, "तुमच्या गावी वसंत कधी येतो? तारीख नको, निदान महिना तरी सांगा." वर्गात साठ-सत्तर मुलेमुली होती. त्यांतली निम्मी रोज एस.टी.ने खेड्यातून येणारी. कुणी म्हणाले पाडव्याला, कुणी म्हणाले वसंत पंचमीला. मागच्या बाकावरून एकाने 'यात्रेला' असे सांगितले व हशा पिकला. सर हसले नाहीत. ते म्हणाले, "ज्या कवितेत बर्फ वितळल्याशिवाय फूल उमलत नाही, ती आपण परीक्षेसाठी पाठ करतो, आणि आपल्या बांधावर काय उमलते, ते मात्र आपल्याला सांगता येत नाही."

माझ्यापाशी उत्तर होते. पण ते सांगायला तो तास पुरला नसता, आणि खरे सांगायचे तर वर्गात उभे राहून बोलण्याचे धैर्यही नव्हते. म्हणून ते या अंकात लिहीत आहे.

आमचे घर भोर तालुक्यात, नीरेच्या खोऱ्यात, डोंगराच्या पायथ्याला आहे. पुढे शेणाने सारवलेले अंगण, अंगणाच्या कडेला गुरांना पाणी पाजण्याची दगडी डोण, मागच्या परसात चिंच, शेवगा आणि एक म्हातारा पांगारा. पलीकडे ओढा. ओढ्याकडच्या शेताच्या बांधांवर दोन काटेसावरी होत्या. एक आमच्या बांधावर आणि दुसरी, पन्नास-साठ पावलांवर, आमच्या व चुलत्यांच्या सामाईक बांधावर. 'होत्या' हा भूतकाळ मुद्दाम लिहिला आहे. त्याचे कारण पुढे येईल.

माझ्या नोंदी सुरू झाल्या त्या २०२१ च्या फेब्रुवारीत. बारावीचे वर्ष होते, साथीमुळे आमचे वर्ग मोबाईलवर चालत आणि मोबाईलला रेंज मिळे ती फक्त माळवदावर. व्याख्यान कानात आणि डोळे समोरच्या सावरीवर, असे दोन महिने गेले. पाहिलेले कुठे तरी लिहून ठेवावे असे वाटले, तर वहीपेक्षा भिंतीवरचे कालनिर्णय जवळ होते. त्याच्या चौकोनांत आजी दुधाचा हिशेब लिहून घेई. त्याच हिशेबाच्या खाली मी लिहू लागलो. त्यामुळे माझ्या नोंदी 'दूध २ लि. तांबट बोलला' किंवा 'दूध दीड लि., म्हैस आटली. भोरड्या गेल्या' अशा स्वरूपाच्या आहेत. शास्त्रज्ञ त्यांना हसतील. पण तारखा पक्क्या आहेत, कारण दुधाच्या हिशेबात आजी चूक चालू देत नाही.

घराच्या ओट्यावर बसून केलेल्या निरीक्षणाला काय किंमत, असे कुणी म्हणेल. त्याला एक उत्तर आहे. १९३० च्या पावसाळ्यात सलीम अली नोकरी नसल्यामुळे अलिबागजवळ किहीमला राहत होते. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. ती त्यांनी रोज पाहिली आणि त्यातून कळले ते असे की, घरटे विणतो तो नर. मादी अर्धवट झालेली घरटी पाहत हिंडते, एखादे पसंत पडले तर तिथे राहते, आणि तिचा संसार मार्गी लागताच नर दुसऱ्या घरट्याच्या कामाला लागतो. त्याआधी शेकडो वर्षे ही घरटी लाखो लोकांनी पाहिली होती. सलग पाहणारे मात्र नव्हते.

आता सरांच्या प्रश्नाकडे येतो. आमच्याकडे वसंत पाडव्याला येत नाही, हे मला दुसऱ्याच वर्षी कळले. २०२३ साली पाडवा २२ मार्चला होता, २०२४ साली तो ९ एप्रिलला आला. म्हणजे अठरा दिवसांचा फरक. आपले सण चंद्राच्या हिशेबाने चालतात आणि अधिक महिना आला की पुढे सरकतात. सावरीला अधिक महिना नसतो. तिचे पहिले फूल माझ्या नोंदींत २०२१ ला ९ फेब्रुवारीला, २०२२ ला १७ फेब्रुवारीला आणि २०२३ ला ४ फेब्रुवारीला आहे. झाडे सूर्याचे ऐकतात. आमच्या अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस दिवस साधारण अकरा तासांचा असतो, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तो बारा तासांचा होतो, आणि जूनच्या अखेरीस सव्वातेरा तासांच्या आसपास जातो. हा फरक आपल्याला जाणवतही नाही. पण उष्ण प्रदेशातील अनेक पानगळीची झाडे दिवस वाढू लागल्याची एवढी लहानशी खूणही ओळखतात आणि तिच्यावर कळ्या सोडतात, असे अभ्यासकांचे मत आहे. कालिदासाने 'ऋतुसंहारा'ची सुरुवात ग्रीष्माने केली आणि वसंत शेवटी ठेवला. दुर्गाबाई भागवतांनी 'ऋतुचक्र' चैत्रापासून सुरू केले. सावरीला विचारले तर ती दोघांनाही सांगेल की, तुम्ही यायच्या आत माझे अर्धे काम झालेले असते.

आजीचे पंचांग मात्र वेगळे आहे. ती म्हणते, "सावर फुलली म्हंजी हरभरा काढायला आला. इचारायचं न्हाई कुनाला."

सावर फुलते तेव्हा झाडावर एक पान नसते. सरळसोट, करडा, काटेरी बुंधा, चक्राच्या आऱ्यांसारख्या आडव्या फांद्या, आणि त्यांवर तळहाताएवढी, जाड पाकळ्यांची लाल फुले. पाने का नसतात? दुरून दिसावे म्हणून. हे फूल मधमाशीपेक्षा पक्ष्यांसाठी मांडलेले आहे. पक्ष्यांना लाल रंग चांगला दिसतो, त्यांची वासाची जाण बेताची असते, म्हणून या फुलाला वास नाही म्हटले तरी चालेल; पण पेल्यात रस भरपूर. पक्षी रसासाठी डोके आत घालतो आणि केसरांचे परागकण त्याच्या कपाळाला लागतात. सकाळी आठच्या सुमारास आमच्या सावरीवरचे बुलबुल पाहावेत. देवदर्शन करून आल्यासारखे प्रत्येकाच्या कपाळी पिवळे गंध असते. तेच गंध दुसऱ्या झाडाच्या फुलाला लागले की बी धरते.

२०२३ च्या १९ फेब्रुवारीला सकाळी सात ते आठ मी त्या झाडाखाली बसून हजेरी घेतली. भोरडी, साळुंकी, जंगली मैना, डोमकावळा, बुलबुल, कोतवाल, टकाचोर, पोपट, शिंजीर, चष्मेवाला, हळद्या. अकरा जाती, बारावी खार. भोरड्या तर साठ-सत्तर असतील. कोतवाल रसापेक्षा रसावर आलेल्या किड्यांसाठी बसलेला. पोपट सगळ्यांत नासाडखोर, फूल तोडायचे, देठाशी चोच मारायची आणि टाकून द्यायचे. पण खाली पडलेले फूल वाया जात नाही. दुपारी शेळ्या खातात आणि पहाटे, माणसांची जाग नसताना, डोंगरातून भेकर उतरते. ते मी एकदाच पाहिले. ओढ्याच्या काठाशी पाय उचलून थांबले होते. त्यानंतर मात्र सकाळी ओल्या मातीत त्याच्या खुरांच्या खुणा बऱ्याचदा दिसल्या.

आपल्याकडच्या वसंताची खरी गंमत मला इथे लागली. पाठ्यपुस्तकातला वसंत म्हणजे परत येणारा ऋतू. हिवाळ्यात गेलेले पक्षी परततात, गोठलेला ओढा वाहू लागतो, असे सगळे तिथे असते. आमच्या अंगणात नेमके उलटे घडते. इथे वसंतात पाहुणे निघून जातात, आणि बोलू लागतात ते घरचेच, इतके दिवस गप्प बसलेले.

भोरड्यांचे पाहा. या गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या मैना आमच्या शेतकऱ्यांना ज्वारीच्या कणसांवर येणाऱ्या धाडी म्हणून ठाऊक. त्यांना पळसमैनाही म्हणतात. त्यांचे घर मध्य आशियात, कझाकस्तानकडच्या गवताळ माळांवर. तिथे त्या नाकतोड्यांच्या आणि टोळांच्या हंगामात वीण घालतात. माघ-फाल्गुनात सावर, पांगारा आणि पळस यांचा रस पिऊन त्या अंगावर चरबी धरतात, आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत एक दिवस आकाश रिकामे होते. डोणीच्या कडेने शेपटी हलवीत चालणारा धोबी त्याच सुमारास जातो. तो हिमालयात किंवा त्याच्याही पलीकडे जातो. त्याच्या जाण्याचा दिवस मला कधी धरता आला नाही. येतो तो दिवस दिसतो. जातो तो दिवस दोन-तीन दिवसांनी आठवतो.

आणि ज्याला आपण वसंताचा दूत म्हणतो तो कोकीळ? तो कुठेही गेलेला नसतो. थंडीत तो आमच्या चिंचेत, उंबरात बसून फळे खात असतो. फक्त आवाज करीत नाही. आपण त्याला डोळ्यांनी ओळखत नाही, कानांनी ओळखतो. म्हणून तो गप्प बसला की गेला असे समजतो आणि बोलला की आला. गातो तो काळा नर. मादी तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची. तिला बरेच जण वेगळाच पक्षी समजतात. दयाळाचेही तसेच. थंडीभर परसातल्या पाचोळ्यात खाली मान घालून किडे वेचणारा हा काळा-पांढरा पक्षी फाल्गुनात एका पहाटे पांगाऱ्याच्या शेंड्यावर चढतो आणि असा गातो की, तोच हा, यावर विश्वास बसू नये. तांबटाची गोष्ट याहून साधी. उन्हे चढली की 'टुक् टुक् टुक्' सुरू. कासाराच्या आळीत घर आहे असे वाटावे. २०२२ साली त्याने आमच्या पांगाऱ्याच्या वाळक्या फांदीला खालच्या अंगाने गोल भोक पाडले, रुपयाएवढे, कंपासने आखल्यासारखे. आत जाताना तो आधी डोके काढून चहूकडे बघे. आजी त्याला 'आमचा भाडेकरू' म्हणते.

आता त्या सावरीचे सांगतो.

२०२३ च्या दिवाळीनंतर आमच्या बोअरला पाणी लागले नाही आणि हप्ते मात्र लागले. जानेवारीत एक व्यापारी आला. सावरीचे लाकूड हलके, मऊ. त्याच्या खोक्यांच्या फळ्या होतात, आगपेटीच्या काड्या होतात. त्याला दोन्ही झाडे हवी होती. आण्णांनी आमच्या बांधावरचे द्यायचे ठरवले. मी कालनिर्णयाची पाने काढून त्यांच्यापुढे ठेवली, अकरा जाती वाचून दाखवल्या. त्यांनी शांतपणे ऐकले. मग म्हणाले, "पाखरं हप्ता भरत न्हाईत, बाळा. झाड आपल्याला देतं काय? कापूस. घरात उश्या चार, मानसं पाच. अजून एक उशी झाली की संपलं." मला उत्तर सुचले नाही. आजही हप्त्यापुढे ठेवण्यासारखे उत्तर माझ्यापाशी आहे असे नाही.

दुसरी सावर वाचली ती कुणाच्या पक्षिप्रेमाने नव्हे. बांध सामाईक, आणि चुलत्यांचे व आमचे त्याच बांधावरून चार वर्षे बोलणे बंद. त्यांची सही हवी. ती कोण मागणार? झाडाच्या नशिबी भाऊबंदकीही कधी कधी उपयोगी पडते.

झाड २७ जानेवारी २०२४ ला पडले. फांद्यांवर कळ्या होत्या, हिरव्या, सुपारीएवढ्या. बुंधा आणि मोठ्या फांद्या ओढ्याकाठी टाकून व्यापाऱ्याची माणसे गेली, ती गाडी मिळेना म्हणून सोळा दिवस आलीच नाहीत. दहाव्या दिवशी, ५ फेब्रुवारीला, मी ओढ्याकडे गेलो तर आडव्या पडलेल्या झाडावर फुले उमललेली. पंधरा-वीस असतील. जमिनीपासून हातभर उंचीवर. दोन साळुंक्या त्यांच्यावर बसलेल्या होत्या आणि एक बुलबुल नेहमीप्रमाणे गंध लावून घेत होता. झाड मेले आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. आणि एका अर्थाने ते झाडालाही अजून कळले नव्हते.

मी आण्णांना बोलावून दाखवले. ते बराच वेळ पाहत राहिले. एवढेच म्हणाले, "अंगात पानी हाय अजून."

आण्णा शाळा सातवीपर्यंत शिकले आहेत. पण वसंताचे शास्त्र त्या एका वाक्यात आले आहे, हे मला पुढे वाचताना कळले. ज्या कोड्याने मी तीन वर्षे हैराण होतो, ते असे. आमच्याकडे ऑक्टोबरनंतर सहसा पाऊस नाही. फेब्रुवारी ते मे हे सर्वांत कोरडे महिने. विहिरी तळ गाठतात, ओढा आटतो, गवत पिवळे पडून करपते. आणि नेमके याच दिवसांत, पाण्याचा थेंब नसताना, झाडे फुलतात आणि कोवळी पाने काढतात. शहाण्या माणसाने तर पाऊस पडेपर्यंत थांबले असते. मग झाडे का थांबत नाहीत? आणि पाणी आणतात कुठून?

आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. झाड जमिनीतून ओढते त्या पाण्यातले बहुतेक पाणी पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून हवेत जाते. म्हणजे पान हे गळके भांडे आहे. पानगळ म्हणजे गळती बंद करणे. पाने गळून गेली तरी मुळे मात्र खालीच असतात, मुरमाच्या आणि खडकाच्या फटींत, जिथे मागच्या पावसाची ओल टिकून राहिलेली असते. खर्च थांबला आणि आवक थोडी थोडी चालू राहिली, तर शिल्लक पडते. बुंधा हळूहळू पाण्याने भरतो. ही शिल्लक पुरेशी झाली की कळ्या फुगतात. सावरीसारखे मऊ लाकडाचे झाड तर पाण्याची टाकीच. ओढ्याकाठी तोडून टाकलेला तो ओंडका दहा दिवसांनी फुलला तो या शिलकीवर. म्हणून आपल्या वसंताची पालवी ही येणाऱ्या पावसाची नव्हे, गेलेल्या पावसाची असते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर अधिक चतुराईचे आहे. पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास येतो. त्या दिवसापासून ऊन, पाणी आणि जमिनीतले सत्त्व सगळे मिळू लागते. ज्याची पाने तयार आहेत तो पहिल्या दिवसापासून कामाला लागतो. ज्याने पाऊस पडल्यावर पाने काढायला घेतली त्याचे महत्त्वाचे आठवडे वाया जातात. शिवाय पावसाबरोबर येतात अळ्या आणि किडे, आणि त्यांना हवे असते ते कोवळे पान. १९९३ साली के. एस. मुरली आणि रमण सुकुमार यांनी तामिळनाडूतील मुदुमलईच्या जंगलातला अभ्यास प्रसिद्ध केला. पावसाआधी, कोरड्या दिवसांत पालवी काढणाऱ्या झाडांच्या पानांची किड्यांकडून होणारी हानी पावसात पालवी काढणाऱ्यांपेक्षा कमी असते, असे त्यांना आढळले. म्हणजे किडे जागे होईपर्यंत या झाडांची पाने जून झालेली असतात. शत्रू येण्याआधी पेरणी उरकून घेण्याचाच हा प्रकार.

कोशिंबाच्या झाडात ही युक्ती डोळ्यांनी दिसते. मार्चमध्ये वरंध घाटाच्या वाटेला जा. करड्या, निष्पर्ण डोंगरउतारावर एखादेच झाड रक्तासारखे लाल दिसेल. अनोळखी माणूस म्हणतो, काय फुलले आहे! ती फुले नसतात. ती पालवी असते. पिंपळाची कोवळी पाने तांबूस, आंब्याची जांभळट, तोच प्रकार. नव्या पानात हरितद्रव्य उशिरा भरते. त्याआधी लाल रंगद्रव्य असते, आणि ते कोवळ्या पेशींना कडक उन्हापासून राखते, असे मानतात. हरितद्रव्य नसलेले पान किड्याने खाल्ले तरी झाडाचे नुकसान कमी, असाही एक तर्क आहे. पंधरा-वीस दिवसांत लाल पान पोपटी होते आणि मग चारचौघांसारखे हिरवे. तेव्हा त्या झाडाकडे कुणी मान वळवून पाहत नाही.

वैशाखाचे थोडे सांगायला हवे, कारण कवींनी तो ग्रीष्माला देऊन टाकला आहे. पंचांगाप्रमाणे तो वसंतच. या महिन्यात ओढ्यापलीकडच्या माळावर टिटवी अंडी घालते. घरटे असे काही नसते. चार खडे इकडे, चार तिकडे, आणि मधल्या खोलगट जागी मातीच्याच रंगाची चार अंडी. पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. दुपारी तिथे दगड हाताला चटका देतो. अंडी उबवण्याऐवजी उकडायचीच भीती! टिटवी मग डोणीवर येते, काठाशी उथळ पाण्यात बसते, पोटाची पिसे भिजवून घेते आणि तशीच ओल्या पोटाने जाऊन अंड्यांवर बसते. दिवसातून अनेकदा. हे मी २०२४ च्या मे महिन्यात पाहिले आणि तेव्हापासून डोण कोरडी पडणार नाही याकडे लक्ष ठेवतो. गावात टिटवीकडे पाहतात ते पावसासाठी. अंडी उंचवट्यावर घातली तर पाऊस जोराचा, ओढ्याच्या पात्रात घातली तर दुष्काळ. माझ्या नोंदींत हे एकदा खरे ठरले, एकदा खोटे. कावळ्याने काटेरी झाडावर घरटे केले तर पाऊस कमी, असेही म्हणतात. कावळ्याच्या घरट्याकडे माणसांइतकेच लक्ष कोकिळेचे असते, आणि तिला पावसाशी काही देणेघेणे नसते.

माळावर टिटवीला उन्हाहून मोठी भीती वणव्याची आहे. गवत जाळले की पुढचे गवत दाट येते या समजुतीने आमच्याकडे फाल्गुन-चैत्रात डोंगर पेटवतात. रात्री ती सोनेरी रेघ लांबून सुंदर दिसते. सकाळी काळा उतार. ज्या महिन्यात झाडे शिलकीतले पाणी खर्चून पालवी काढतात, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी जागा शोधतात आणि सावरीचा कापूस बी घेऊन उडतो, त्याच महिन्यात आपण काडी लावतो. याविषयी ग्रामसभेत बोलावे असे मी आण्णांना सुचवले. "तू बोल," ते म्हणाले. मी बोललो नाही. वर्गात बोललो नाही तसाच तिथेही.

२०२५ च्या फेब्रुवारीत सामाईक बांधावरची सावर एकटीच फुलली. १६ तारखेला मी पुन्हा तासभर हजेरी घेतली. जाती नऊ भरल्या. पण गर्दी अशी की, रस पिण्यापेक्षा भांडणात वेळ जास्त. भोरड्यांनी शिंजिराला फांदीवर टिकू दिले नाही. हळद्या दिसला नाही. मे महिन्यात बोंडे फुटली ती मोजकी. २०२३ साली आमचे अंगण कापसाने पांढरे झाले होते आणि आजी सारवताना वैतागली होती. यंदा झाडू न मारताही चालले असते. परागासाठी पन्नास पावलांवर दुसरे झाड नाही, हे त्याचे कारण असू शकेल. अवकाळी पावसाने फुले झडली, हेही असू शकेल. दोन वर्षांच्या नोंदींवरून निकाल देण्याचा उतावीळपणा मी करणार नाही. एवढे खरे की यंदा भेकराच्या खुणा ओढ्याच्या या काठाला दिसल्या नाहीत, पलीकडच्या काठाला दिसल्या.

तोडलेल्या झाडाचा खुंट बांधावर आहे. त्याच्याकडे वर्षभर मी गेलो नव्हतो. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, ३१ मार्चला, आण्णांना न्याहारी द्यायला शेतात गेलो तेव्हा खुंटाभोवती बाभळीच्या काट्यांचे कुंपण दिसले. आत डोकावून पाहिले. सालीच्या कडेने तीन धुमारे फुटले होते, बोटाएवढे जाड, तांबूस पानांचे, आणि एवढ्यातच अंगाला काटे आलेले.

"कुंपण कुणी घातलं?" मी विचारले.

"शेळ्या खात्यात," आण्णा भाकरी मोडत म्हणाले. "पंधरा-वीस वर्सांनी पुन्हा इकायला येईल."

त्या रात्री कालनिर्णयात लिहिले : दूध २ लि. सावरीला फुटवे ३.